बाईचा शब्द आणि घराची अब्रू

(कुडाळ येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

नवऱ्याने मारले म्हणून बाई पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा पुष्कळदा तिची तक्रार ‘एन. सी.’ म्हणून लिहून घेतली जाते. एन. सी. म्हणजे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही, अटक तर नाहीच. बाईने हवे तर कोर्टात जावे. तो कागद पिशवीत घालून ती ज्या घरातून आली त्याच घरी परत जाते.

तिच्यासाठी कायदे नाहीत, असे कुणी म्हणू शकणार नाही. सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम १९८३ सालापासून आहे. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी पॉक्सो कायदा आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागायला गेलेल्या स्त्रिया होत्या फक्त १४ टक्के.

इतके कायदे असताना शंभरातल्या शहाऐंशी जणी मदत मागायला जातच नाहीत, याचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते सापडते कायदा ज्या हातांतून जातो तिथे: ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, दवाखान्याच्या तपासणी खोलीत, न्यायाधीशांच्या निकालात, गावच्या समितीत. या प्रत्येक ठिकाणी बाईविषयीच्या दोन जुन्या समजुती आधीपासून हजर असतात. पहिली, बाईच्या शब्दावर एकदम विश्वास ठेवू नये. दुसरी, बाईपेक्षा घर मोठे. गेल्या दीडशे वर्षांत स्त्रियांसाठी झालेला जवळजवळ प्रत्येक कायदा या दोन समजुतींपाशी येऊन अडला आहे.

पहिल्या समजुतीची महाराष्ट्रातली सर्वांत ठळक साक्ष देसाईगंजची. मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. चौदा ते सोळा वर्षांची, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी एका तक्रारीच्या निमित्ताने नातेवाइकांसोबत पोलीस ठाण्यात आली होती. इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतले गेले आणि ठाण्यातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची फिर्याद झाली. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण त्या मुलीच्याच नावाने ओळखले जाते. इथे ते नाव घेण्याची गरज नाही.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले आणि मुलीला खोटारडी ठरवले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिल्या. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाने बजावले होते. पण सप्टेंबर १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मोकळे केले. कारणे काय? अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते. तिला शरीरसंबंधांची आधीपासून सवय होती, हा वैद्यकीय शेराही निकालात आला. रात्रीची वेळ, बंद ठाणे, समोर गणवेशातले पोलीस आणि एकटी गरीब मुलगी, या परिस्थितीला त्या मोजमापात जागाच नव्हती.

वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक नाही का, हा त्यांचा सवाल होता. त्यातून मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्च १९८० रोजी देशातल्या अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद झाली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तिचा शब्द मानून पुढे जावे, असे पुरावा कायद्यात ११४-अ या कलमाने आले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरला.

देसाईगंजच्या मुलीला स्वतःला यातून काहीच मिळाले नाही. तिच्या नंतरच्या स्त्रियांना मिळाले, तेही अर्धेच. तक्रारदार स्त्रीचे ‘चारित्र्य’ उलटतपासणीत ओढून आणण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातले १५५(४) हे उपकलम २००२ च्या दुरुस्तीपर्यंत जिवंत होते. म्हणजे एका कलमाने बाईच्या शब्दाला आधार दिला आणि त्याच कायद्यातले दुसरे कलम पुढे जवळजवळ वीस वर्षे तो काढून घेत राहिले.

कोर्टाच्या दारातून हटवलेला हा संशय दवाखान्यात मात्र टिकून राहिला. बलात्काराच्या तक्रारीनंतर स्त्रीच्या शरीराची तथाकथित ‘दोन बोटांची तपासणी’ करून ती ‘सवयीची’ आहे का याचा शेरा लिहिण्याची पद्धत देशभर होती. तिला शास्त्राचा आधार नव्हता. पण ती पाठ्यपुस्तकात होती आणि छापील नमुन्यात तिचा रकाना होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांतल्या त्रुटींचा सविस्तर अहवाल केला आणि प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती बंद करणाऱ्या सूचना काढल्या. तरी ती चालूच राहिली. शेवटी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की यापुढे ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

इतके होऊनही २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात कौमार्याची लक्षणे हा विषय पुन्हा आला. टीका झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मजकूर मागे घेतला गेला. जी गोष्ट न्यायालयाने पुन्हा पुन्हा नाकारली ती कुणाच्या तरी हातून सहजपणे परत लिहिली जाते, यावरून समजूत किती खोल आहे ते कळते.

न्यायासनही तिच्यापासून सुरक्षित नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात ठरवले की कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोच्या कलम ७ खाली लैंगिक हल्ला होत नाही, कारण त्वचेचा त्वचेशी संपर्क आलेला नाही. महाराष्ट्र शासन, राष्ट्रीय महिला आयोग आणि देशाचे महान्यायवादी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निकाल रद्द झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातला एक आदेश रद्द केला होता. विनयभंगाच्या आरोपीने तक्रारदार स्त्रीच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट त्यात घातली होती. ज्या माणसाविरुद्ध तिने तक्रार केली, त्यालाच भाऊ मानायला लावणारा तो आदेश होता.

आता दुसरी समजूत: बाईपेक्षा घर मोठे.

हिचा सर्वांत गाजलेला खटला मुंबईतला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये आदेश झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैशांच्या तडजोडीने प्रकरण मिटले. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा झाले. पत्नीलाही तो लागू होता. लोकमान्य टिळकांसह अनेकांनी त्याला विरोध केला. सरकारने घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. मुलीच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न त्या वादात मागे पडला.

हा इतिहास संपलेला नाही. जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये विवाहांतर्गत बलात्काराला दिलेली सूट काढावी अशी शिफारस केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती सूट, पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर, तशीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की अशा कृत्याला बलात्कार ठरवणे जास्तच कठोर होईल. विवाहसंस्थेवर होणाऱ्या परिणामाची काळजी त्या प्रतिज्ञापत्रात मोठी आहे.

बाहेरच्या जगातही हेच घडते. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा युरोपीय करार २०११ मध्ये इस्तंबूलमध्ये झाला, म्हणून तो त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. तुर्कस्तान त्याला मान्यता देणारा पहिला देश होता आणि २०२१ मध्ये त्यातून बाहेर पडणाराही तोच. कारण दिले कुटुंबमूल्यांचे.

४९८-अ ची वाटचाल पाहिली तर घराची ही काळजी कायद्याला कशी पोखरते ते टप्प्याटप्प्याने दिसते. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ठरले की या कलमाखालची प्रत्येक तक्रार आधी जिल्ह्याच्या कुटुंब कल्याण समितीकडे जावी आणि तिचा अहवाल येईपर्यंत सहसा अटक होऊ नये. समितीत समाजसेवक, निवृत्त माणसे, अगदी अधिकाऱ्यांच्या पत्नीही असू शकत होत्या. अहमदनगरच्या स्त्रियांची ‘न्यायाधार’ ही संस्था याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या समित्या रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि दोन महिन्यांच्या थांबण्याच्या मुदतीसह कुटुंब कल्याण समिती परत आली. चोरीच्या किंवा मारामारीच्या तक्रारीला अशी समिती नाही.

दुरुपयोगाचा मुद्दा इथे टाळता येणार नाही. खोट्या तक्रारी होतात, आणि निरपराध माणसाला होणारा त्रास खराच असतो. त्यावरचा उपाय काळजीपूर्वक तपास हा आहे. पण आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, हे गणित चुकीचे आहे. छळ चार भिंतींत होतो, साक्षीदार सासरचेच असतात, खटला वर्षानुवर्षे चालतो आणि मधल्या काळात मुलांसाठी किंवा पोटगीसाठी बाई तडजोड करते. अशा खटल्यातली सुटका पुरावा कमी पडल्याचे सांगते. बाई खोटे बोलली असे सांगत नाही.

घर म्हणजे चार भिंतीही, आणि तिथेही हेच झाले. २००५ च्या कायद्याची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे सासरच्या घरात राहण्याचा हक्क. मार खाल्लेल्या बाईला रात्री घराबाहेर काढता येऊ नये, म्हणून तो दिला गेला. कायदा लागू होऊन दोन महिने होतात तोच, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या ‘बत्रा’ निकालाने तो आकुंचित केला. सासू-सासऱ्यांच्या स्वतःच्या मालकीच्या घरावर सुनेला असा हक्क सांगता येणार नाही, असे ठरले. ही चूक दुरुस्त व्हायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडावा लागला. कोकणात याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. चाकरमानी नवरा मुंबईला, ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला नाव सासऱ्याचे, आणि शेती, गुरे, म्हातारी माणसे सांभाळणारी सून कुठल्याच कागदावर नाही. चौदा वर्षे अशा सुनांसाठी कायद्याचे सर्वांत उपयोगी कलम अर्धवट बंद होते.

गावपातळीवर हीच समजूत आणखी साध्या भाषेत बोलते. “नवऱ्यान मारल्यान म्हणान काय झाला, घरातला भांडाण घरातच मिटवूक होया.” हे वाक्य कुणी दुष्टपणे म्हणत नाही; बहुतेक वेळा आईच म्हणते, शेजारीण म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत, काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. म्हणजे ही समजूत पुरुषांइतकीच स्त्रियांनीही उराशी धरली आहे, आणि ती धरणारीच माणसे पुढे पोलीस, परिचारिका, सरपंच आणि न्यायाधीश होतात. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चांगल्या हेतूची होती. बांधाचे आणि वाटणीचे वाद गावात मिटावेत हे योग्यच. पण गावाला बक्षीस तंटे मिटण्यावर मिळणार असेल, तर मार खाणाऱ्या बाईची तक्रार हासुद्धा मिटवायचा एक तंटा होऊन बसण्याचा धोका असतो. मग तो गुन्हा उरत नाही.

नोकरीच्या ठिकाणचा कायदा तर मुळातच एका स्त्रीवर अविश्वास दाखवल्यामुळे जन्माला आला. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. वरच्या जातीचे, वयस्क पुरुष असे करतील हे न्यायालयाला पटण्याजोगे वाटले नाही. त्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि सोळा वर्षांनी कायदा. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाजू दाखवली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीने चौकशी घाईने, नियम गुंडाळून केली म्हणून प्राध्यापकाची बडतर्फी रद्द झाली आणि प्रकरण पुन्हा चौकशीला गेले. समितीने काम नीट शिकून घेतले नाही की तक्रारदार स्त्री आणि आरोपी पुरुष दोघांवरही अन्याय होतो. त्याच निकालात न्यायालयाने एका वृत्ताचा उल्लेख केला: देशातल्या ३० क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये अशी समितीच नव्हती.

कायदा कागदावर राहिला की राज्यकर्ते शिक्षा वाढवतात. महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकाकडे या दृष्टीने पाहायला हवे. डिसेंबर २०२० मध्ये मांडलेल्या या विधेयकात फाशीची तरतूद होती, त्यामुळे ते कठोर वाटले. पण त्याच पहिल्या मसुद्यात स्त्रीच्या वागण्यावरून संमती गृहीत धरण्याचे एक स्पष्टीकरण होते आणि खोट्या तक्रारीसाठी शिक्षेचे कलमही होते. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर संमतीचे ते स्पष्टीकरण संयुक्त समितीत गळले. डिसेंबर २०२१ मध्ये विधेयक मंजूर झाले. ते अमलात आले नाही. जो मसुदा गुन्हेगाराला फाशी देऊ पाहतो, तोच तक्रारदाराकडे संशयाने पाहतो, यात विसंगती दिसत नसेल तर दोष समजुतीचा आहे.

जिथे समजूत बदलण्याचे काम पगारी, प्रशिक्षित माणसांवर सोपवले गेले, तिथे कायदा चालतो. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत स्त्रिया आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पोलीस आवारातच बसणारी समाजकार्यकर्ती आधी बाईचे ऐकून घेते. पुढे राज्य शासनाने ही पद्धत स्वीकारली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडले. पडले, झडले, दाराला आपटले असे सांगत येणाऱ्या बाईला परिचारिका दोन प्रश्न अधिक विचारू लागल्या.

सिंधुदुर्गात करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि बरेचसे कायद्यात आधीच लिहिलेले आहे. लैंगिक गुन्ह्याची तक्रार लिहून न घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी आहे. पीडितेला मोफत उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाचा प्रमुख, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, कलम २०० खाली दोषी ठरतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी नेमण्याचा आदेश दिला आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या काजू कारखान्यात, दुकानात किंवा कुणाच्या घरी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लैंगिक छळाची तक्रार करता येते, घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत. काजू कारखान्यांत राबणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे?

म्हणून कुडाळच्या श्रोत्यांना आणि हा मजकूर वाचणाऱ्यांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे: आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर काय, जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर कोण आहे, आणि ही नावे ग्रामपंचायत, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कधी लागणार. आणि शेजारची बाई मार खाऊन दारात आली, तर तिने काय केले म्हणून त्याने मारले हे विचारू नये. ११२ किंवा १८१ ला फोन लावावा, तिच्यासोबत ठाण्यात जावे आणि तक्रार तिच्या शब्दांत लिहून होईपर्यंत तिथेच बसावे.